बारा हात वर

दाभोसा, ९ फेब्रुवारी

बाबा,

शाळेत पोरांना मी पत्रलेखन शिकवते. वर ‘तीर्थरूप’, खाली ‘आपली आज्ञाधारक’, मध्ये तब्येतीची चौकशी. पाच गुणांचा प्रश्न असतो. तुला लिहायला बसले तर त्यातलं एकही जमेना. तुला ‘तुम्ही’ म्हणावं तर तू तालुक्याचा कोणी साहेब वाटतोस, आणि आज्ञाधारक मी कधी होते ते तूच सांग. तेव्हा मला शून्य दे आणि पुढं वाच.

फोन केला की तू तो जयवंती वहिनीच्या हातात देतोस. “शीला हाय,” एवढं म्हणतोस, ते मला ऐकू येतं. सात महिने असंच चाललंय. वहिनी गुणाची आहे, पण आज भाजी काय केली हे तिच्याशी तरी किती दिवस बोलायचं? म्हणून हा कागद. तुका जीप घेऊन मोखाड्याकडे निघालाय, तो पोशेऱ्याला घरी आणून देईल. तू चौथी शिकलायस आणि माझं अक्षर मोत्यासारखं आहे, त्यामुळे वाचता आलं नाही ही सबब चालणार नाही.

जुलैतलं बोलते. माळावरची रोपं पिवळी पडली होती, बावीस दिवस पावसाचा थेंब नव्हता, आणि पाड्यावरची माणसं आपल्या अंगणात येऊन बसली होती. टिटवीची अंडी बघून पाला-शेण पसरून राब कुठं भाजायचा, त्या राखेत भाताचं बी कुठं टाकायचं, हे पाड्याला तू सांगतोस. तुझ्या आधी आजा सांगायचा. तू म्हणालास, “अंडी वर होती, म्हणून वर सांगितलं.” आणि मी हसले. अकरा घरांची माणसं समोर असताना मी म्हणाले, “पाखराच्या अंड्यावर शेती केली की असंच व्हायचं.” तू उठून आत गेलास. तेव्हापासून आतच आहेस, असं वहिनी सांगते. शेतावर जात नाहीस, कोणी आलं तर “माझी नजर गेली, मला विचारू नका,” म्हणतोस.

माझं चुकलं, बाबा. मत काही असो, बापाला चारचौघांत असं बोलू नये. एवढंच सांगायला लिहिलंय.

बाकी ठीक. इथं धरणाच्या फुगवट्यावर शेकाटे आलेत. लांब लाल पायांचे, पाण्यात काटक्या रोवत चालल्यासारखे चालतात. रविवारी चिखलात पोटावर झोपून फोटो काढले. मागं डोंगराची सावली पाण्यात पडली होती, तिच्यात पांढरा पक्षी असा उठून दिसतो की काय सांगू. घरमालकीण म्हणाली, बाई, म्हशीसुद्धा तुमच्यापेक्षा स्वच्छ येतात घरी.

आणि हो, गेल्या वर्षीच्या त्या टिटवीची पिल्लं चारही नीट निघून गेली. तुला सांगायचं राहिलं होतं.

शीला


दाभोसा, २८ फेब्रुवारी

बाबा,

उत्तर नाही. बरं.

काल वहिनीचा फोन आला. पतपेढीचं कॅलेंडर पोशेऱ्यात पोचलं म्हणे. एप्रिलच्या पानावर टिटवी आहे, काळ्या खडकावर बसलेली, आणि मागं बहाव्याचा पिवळा रंग सगळीकडं पसरलेला. खाली बारीक अक्षरात माझं नाव. पोरीनं मला कॅलेंडर का दिलं नाही, असं तू विचारलंस. राहून गेलं, बाबा. कामं असतात.

पण पुढचं ऐकलं आणि मी वर्गाबाहेर येऊन उभी राहिले. तू एप्रिलचं पान काढून घेतलंस आणि घराघरात जाऊन दाखवलंस. सात महिन्यांत पहिल्यांदा उंबरा ओलांडलास तो यासाठी. “बघा, टिटवी वरच होती. माझी नजर गेली नव्हती. माझ्या पोरीनं काढलाय, फोटो खोटं बोलत नाय.” गोजाबाई म्हणाली, “मग तुझी टिटवीच खोटी.” तरी तू पुढच्या घरी गेलास.

बाबा, ते पान घरात ठेव. लोकांना दाखवत फिरू नको. उन्हानं रंग उडतो.

फोटोचं तुला सांगते. पक्षी चांगला आला म्हणजे फोटो चांगला आला असं नसतं. त्याच्यामागं काय आहे त्यावर सगळं असतं. मागं नुसते राखाडी गोटे आणि कोणी टाकलेली प्लास्टिकची पिशवी असेल, तर मोरसुद्धा कोंबडीसारखा दिसतो. मागं पाणी असेल, गवताचं पिवळं रान असेल, लांबची फुलं असतील, तर साधी टिटवी राणीसारखी दिसते. त्यासाठी जागा शोधावी लागते, तासन् तास. लोकांना वाटतं बटण दाबलं की झालं.

हे मी तुला का सांगतेय कोण जाणे. चाचणीचे पेपर तपासायचेत. थांबते.

शीला


दाभोसा, ११ मार्च

बाबा,

हे पत्र एकटा असताना वाच. वहिनीला वाचायला देऊ नको.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालंय. तुका काल म्हणाला, देवजीबाबा आता पोशेऱ्याच्या बाजारातही ते पान घेऊन येतो. तो सहज बोलला, आणि मी हा कागद घेऊन बसले.

टिटवीनं अंडी खडकावर घातली नव्हती. नदीत घातली होती, खाली, कोरड्या पात्रातल्या गोट्यांत, पाण्याच्या खुणेच्याही खाली. मी वर नेली.

सांगते सगळं. गेल्या एप्रिलमध्ये मी पाच दिवस घरी आले होते, आठवतं? रोज पहाटे कॅमेरा घेऊन नदीवर जायचे. पहिल्याच दिवशी टिटवी सापडली. चार अंडी, मातकट, काळ्या ठिपक्यांची, गोट्यांत ठेवली की ओळखू येणार नाहीत अशी. पण मागं काहीच नव्हतं. गोटे, गोटे आणि धुण्याच्या दगडाशी कोणाची तरी फाटकी गोणी. बहावा होता वर, माळाच्या कडेला. असा फुललेला की पानं दिसत नव्हती.

बहावा मागं हवा असेल तर एक सरळ उपाय होता. पलीकडे जाऊन डोहाच्या चिखलात छातीपर्यंत उतरायचं आणि तिथून वर बघत फोटो काढायचा. मी नाही उतरले. कॅमेरा नवा होता, पाणी जाईल अशी भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर कंटाळा आला. चिखलात झोपायचं, मग अंगभर खाजवत बसायचं. त्यापेक्षा टिटवी सरकवणं सोपं वाटलं.

कोणाकडून तरी ऐकलं होतं की अंडी थोडी थोडी हलवली तर टिटवी सोडून जात नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. दर वेळी हातभर. तिचे गोटेसुद्धा उचलून नेले, तिला घर तेच वाटावं म्हणून. ती डोक्यावर ओरडत फिरायची, मी लांब गेले की येऊन बसायची. चार दिवसांत बारा हात वर आणली मी तिला, काळ्या खडकावर. पाचव्या दिवशी फोटो मिळाला. जन्मात एकदा मिळतो असा. मी दाभोशाला निघून आले.

आणि सहाव्या दिवशी तू अंडी बघायला गेलास.

नदीच्या पोटात अंडी असली की पाऊस बेताचा, राब खाली खाचराजवळ करायचा. वर चढून घातली की नदी फुगणार, राब माळावर. मी सहा वर्षांची असताना खांद्यावर बसवून तू हे शिकवलंस. मला ते पाठ होतं, बाबा. हलवताना ते माझ्या डोक्यातही आलं नाही असं मी स्वतःला वर्षभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आलं होतं. मी म्हटलं, हे सगळं खूळ आहे, काय फरक पडतो.

तू पाड्याला सांगितलंस, पाऊस दांडगा आहे, राब माळावर करा. अकरा घरांनी केला. माळावरची रोपं वाळली, खाचराजवळ ओल टिकली होती, आणि लावायला रोपं नसल्यानं अर्धी खाचरं पडीक राहिली. त्या दिवशी अंगणात मी मूग गिळून गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी हसले, कारण मला भीती वाटली होती की कोणी तरी विचारेल, शीला, तू तर रोज नदीवर होतीस ना?

टिटवीला पाऊस कळतो की नाही, मला माहीत नाही. मी विज्ञान शिकवते, तिला तो नाही कळत असंच मला वाटतं. पण तू बघितलंस ते बरोबर बघितलंस. तुझी नजर गेलेली नाही. तुझ्या नजरेपुढं मी खोटं मांडून ठेवलं होतं.

आणि चार पिल्लांचंही खोटं सांगितलं. खडक तापायचा. वहिनी मे महिन्यात बघून आली होती, एकच फुटलं. तीन तशीच राहिली.

शीला


दाभोसा, ३० मार्च

बाबा,

वहिनीनं फोनवर तुझा निरोप सांगितला. तुझ्याच शब्दांत सांगितला, तुझ्याच आवाजात, नक्कल बरी करते ती. “मला कागदावर सांगून काय? अकरा घरांना सांग.”

एवढंच? एकोणीस दिवसांनी एवढंच?

रागावू नको, पण मी रागावले. मी पंधरा वर्षं शिक्षिका आहे. पाड्यावरची निम्मी पोरं इथल्या आश्रमशाळेत माझ्या हाताखालून गेलीत, त्यांच्या आया मला बाई म्हणतात. त्यांच्यासमोर उभं राहून सांगू, की एका फोटोसाठी मी तुमचं भात वाळवलं? गोजाबाईचं तोंड तुला माहीत आहे. ती मला उभी सोलेल. तूच सांग ना सगळ्यांना. माझं पत्र दाखव. तुला तर पुरावाच हवा होता, एप्रिलच्या पानापेक्षा हा चांगला आहे.

असं लिहून कागद बाजूला ठेवला आणि धरणावर गेले. तुतवार होता, तो शेपटी हलवत काठानं पळणारा छोटा पक्षी. मागं लव्हाळ्याची तांबूस रांग होती, फोटो सुंदर आला असता. पण सगळा वेळ मला वाटत होतं, माझ्या बापाच्या जागी मी असते तर? माझ्या वर्गात कोणी खोडी केली की मी कानात कबूल करून घेते का? वर्गापुढं उभं करते. वर, “यात लाज कसली, चूक सांगायला धीर लागतो,” हेही बोलते. शहाणपण शिकवायला काय जातं.

वरचं खोडत नाही. राहू दे, तुला कळू दे मी कशी आहे ते.

सुट्टी लागली की येते. सगळ्यांना शाळेच्या पडवीत बोलवायला वहिनीला सांग. कशासाठी ते सांगू नको, नाहीतर गोजाबाई तयारी करून येईल.

शीला


पोशेरा, गोजाबाईच्या ओट्यावरून, १० मे

बाबा,

तुझ्या दारापासून दोनशे पावलांवरून पत्र लिहितेय. लोक हसतील तर हसू दे. तू तीन तारखेला पडवीत आला नाहीस. घरी आले तर वहिनीनं बाहेरच चहा दिला आणि डोळ्यांनी सांगितलं, आत येऊ नको. तेव्हा पडवीत काय झालं ते लिहूनच सांगते.

अकराही घरांतून माणसं आली. त्यांना वाटलं कसली तरी योजना आहे, दोघं आधार कार्ड घेऊन आले. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. बारा हात कसे झाले ते पावलं टाकून दाखवलं. शिव्या खायची तयारी होती. पण सुकऱ्या म्हणाला, “म्हंजे देवजीनं बघितलं ते खरं होतं.” आणि चैती रडायला लागली. तिनं तुला जुलैत काय काय म्हटलं होतं ते तिला आठवलं असणार.

मग गोजाबाई उठली. मी मान खाली घातली. “बाई,” ती म्हणाली, “तू आमच्या पोरांना हात पुढं कर म्हणून छडी मारतीस ना?” मी म्हटलं, आता नाही मारत, बंदी आहे. “आम्हाला बंदी नाय,” ती म्हणाली. “अकरा घरं हाईत. दर घराला एक दिस. राबाचा पाला, शेण, काटक्या, डोक्यावर. कॅमेरा घरी ठेव.”

आज सातवं घर झालं. माझी मान दगड झालीय आणि केसांतून शेणाचा वास जात नाही. पहिल्या दिवशी पाटी डोक्यावर ठेवली आणि चार पावलांत सगळं अंगावर. गोजाबाई म्हणाली, “फळ्यावर लिहिणं सोपं, न्हाय?” झोपायला तिनंच जागा दिली, जेवायला तीच घालते, आणि जेवताना टोमणेही तीच मारते. चौथ्या दिवशी न सांगता तिनं माझ्या मानेला तेल लावलं. वर म्हणाली, “उद्याच्या घरी कामाला यायला पायजेस, म्हणून.”

आता मुद्द्याचं. पाला, शेण सगळ्यांनी गोळा करून ठेवलंय, पण राब कोणी रचत नाही. खाली की वर ते ठरत नाही. मी गोजाबाईला म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी जाऊन अंडी बघा ना, त्यात काय कठीण आहे? ती म्हणाली, “बघायला सगळ्यांना येतं. सांगायला कोणी पुढं होत नाय. चुकलं तर ज्याच्या तोंडाकडं बघायचं असा माणूस लागतो.”

मी नदीकडं फिरकलेसुद्धा नाही. शपथ.

अजून चार घरं राहिलीत. त्यानंतरचं बारावं घर तुझं. तिथं मला गोजाबाईनं जायला सांगितलेलं नाही आणि तूही बोलावलेलं नाहीस. पण तुझाही राब वाळलाच होता. पंधरा तारखेला सकाळी मी पाटी घेऊन येणार आहे. बोलायचं नसेल तर बोलू नको. फक्त दार लावून घेऊ नको, बाबा. तेवढं मला झेपणार नाही.

शीला


पोशेरा, २४ मे

शीला,

मी स्वता लिहितो. चार दिस लागलं लिहाया.

पंधरा तारखेला तू आलीस, सात पाट्या पाला टाकलास, भाकर खाल्लीस, गेलीस. मी बोललो नाय. दार उघडं ठेवलं होतं. बोलाया गेलो आसतो तर रडलो आसतो आणि जयवंती बघत होती.

मला राग होता. आजून हाय थोडा. माझ्यावर हासलीस त्याचा गेला. टिटवीला वर चढवलीस त्याचा हाय. तीन अंडी तापून गेली, ती आई रोज त्यावर बसत आसंल. तिचं कोण ऐकनार. हे तुला बोलायचं होतं ते लिहिलं. आता नाय बोलनार.

तू गेल्यावर तिसऱ्या दिशी गोजाबाई दारात आली. देवजी, राब कुठं करू. मी म्हटलं मी बघत नाय आता. ती बसून राह्यली. मंग चैती आली, सुकऱ्या आला, आसं आंगन भरलं. जयवंतीनं सगळ्यांना चहा केला, दूध संपलं. मंग मी उठलो.

सगळ्यांना संगती घेऊन नदीत गेलो. टिटवी सापडाया सकाळ गेली. वरडून डोकं खाल्लं तिनं. मी कोणाला जवळ जाऊ दिलं नाय, लांबून बसून बघितलं. गोजाबाई म्हनं, सांग. मी पयलं विचारलं, यंदा कोणी हालवलीत का. लोक हासले. मी पन हासलो.

अंडी मधी हाईत. नदीत नाय आणि माळावर पन नाय. पानी थांबतं त्या खुणंवर बरोबर. आसं मी कदी बघितलं नाय, माझ्या बापानं पन सांगितलं नाय. सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती. मला भ्या वाटलं. वर्सापूर्वी वाटत नव्हतं. मी सांगितलं, मला पक्कं कळत नाय, पन माझं मन खाली म्हनतं. नऊ घरांनी खाली केला. दोन घरांनी वर केला, त्यांची मर्जी. काल राब भाजले, सगळ्या पाड्यावर धूर होता.

आता तू तिकडं पाऊस बघत बसशील. थोडा जास्त पडला की घाबरशील, कमी पडला की घाबरशील, मला तुझा सोभाव म्हाईत हाय. तसं करू नको. पोरांना शिकव. फोटो काढ. गेल्या वर्साचं तुझं होतं, ते तू डोक्यावर वाह्यलंस. यंदा चुकलं तर माझं चुकंल. त्याला तू हात लावायचा नाय.

बाबा